एक्स-रेत तीन, दाढेत चार: अवघड रूट कॅनालमध्ये सीबीसीटी स्कॅन काय दाखवतो

वरच्या पहिल्या दाढेचं रूट कॅनाल होऊन वर्ष उलटलेलं असतं. कॅप बसलेली असते. एक्स-रेत तिन्ही मुळं टोकापर्यंत पांढरीशुभ्र भरलेली दिसतात. तरी त्या बाजूने चावलं की कळ येते, नाहीतर हिरडीवर अधूनमधून पुटकुळी येऊन फुटते. अशा दाढेत पहिली शंका घ्यायची ती गालाकडच्या पुढच्या मुळाची. या मुळात बहुधा दोन नलिका, म्हणजे पल्पच्या (दाताच्या आतल्या मऊ गाभ्याच्या) बारीक वाटा, असतात. पहिली ठळक असते, सहज सापडते. दुसरी तिच्यापासून टाळूच्या दिशेला दोन-तीन मिमीवर, डेंटिनच्या (दाताच्या मुख्य कठीण थराच्या) एका कडेखाली दडलेली असते. दंतवैद्य तिला 'एमबी टू' म्हणतात. मायक्रोस्कोप किंवा त्रिमितीय स्कॅन (सीबीसीटी) वापरून केलेल्या पाहण्यांत ती निम्म्याहून जास्त दाढांत सापडते. म्हणजे ती नाही असं गृहीत धरून काम सुरू करणंच चूक.

2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात रूट कॅनाल झालेल्या दाढा आणि उपदाढा अशाच स्कॅनवर तपासल्या होत्या. जवळपास प्रत्येक चौथ्या दातात एखादी नलिका राहून गेली होती, आणि अशा दातांच्या मुळाशी जंतुसंसर्गाची खूण असण्याची शक्यता चौपटीहून अधिक होती. राहिलेल्या नलिकेत मेलेला पल्प आणि जंतू तसेच राहतात. बाकीच्या तीन नलिका कितीही सुबक भरल्या तरी त्यांचा या चौथीला उपयोग नाही.

मुळांच्या आतली ही गुंतागुंत माहीत होऊन शंभर वर्षं झाली. वॉल्टर हेस या स्विस दंतवैद्याने काढून टाकलेल्या सुमारे तीन हजार दातांच्या पोकळ्यांत रबर भरून त्यांचे साचे तयार केले. दोन नलिकांना जोडणाऱ्या पातळ पडद्यासारख्या फटी, मध्येच दुभंगून पुन्हा एक होणाऱ्या नलिका, टोकाशी फुटलेले फाटे, सगळं त्यात दिसलं. त्यांचं हे काम 1925 साली इंग्रजीत आलं. अडचण होती ती हे सगळं जिवंत माणसाच्या दातात, दात न काढता पाहायचं कसं ही.

सावलीत काय हरवतं

साधा एक्स-रे ही सावली असते. एकामागे एक उभ्या केलेल्या दोन उदबत्त्यांची भिंतीवर एकच सावली पडते, तशा गालाकडची आणि टाळूकडची नलिका फिल्मवर एकावर एक येतात. यावर जुना उपाय आहे: किरणांचा कोन आडव्या दिशेने वीसेक अंश हलवून दुसरा एक्स-रे काढायचा. ट्यूब ज्या बाजूला नेली त्याच बाजूला जी रेघ सरकली ती जिभेकडची किंवा टाळूकडची, उलट सरकली ती गालाकडची. 1910 साली क्लार्क यांनी सांगितलेला हा नियम आजही उपयोगी आहे, आणि स्कॅनचा विचार करण्याआधी हे दोन कोनांतले एक्स-रे काढलेले असावेत. बऱ्याच सरळ केसेस तिथेच सुटतात.

पण वरच्या दाढांच्या मुळांवर गालाच्या हाडाची दाट सावली येते आणि मुळांची टोकं नेमकी तिच्यात बुडतात. शिवाय मुळाभोवतीचं हाड झिजायला लागलं तरी ते लगेच दिसत नाही. बेंडर आणि सेल्टझर यांनी 1961 साली दाखवून दिलं की संसर्गाची पोकळी आतल्या जाळीदार हाडापुरतीच असेल तर ती एक्स-रेत झाकली जाऊ शकते. बाहेरच्या कठीण थराला झळ लागली की मग ती डोळ्यांत भरते. म्हणून 'एक्स-रे स्वच्छ आहे' आणि 'संसर्ग नाही' ही दोन वेगळी विधानं आहेत.

तिसरी गोष्ट वाकडेपणाची. मूळ पुढे किंवा मागे वळलं असेल तर एक्स-रेत दिसतं. आपल्याकडे किंवा आपल्यापासून दूर वळलं असेल तर ते सरळच भासतं. वरच्या पहिल्या दाढेचं टाळूकडचं मूळ टोकाशी बऱ्याचदा गालाकडे वळतं. फिल्मवर ते सरळसोट, रुंद आणि सोपं दिसतं. मग जाड फाइल (नलिका साफ करायची सळई) बेधडक आत घातली जाते, ती वळणावर अडते, तिथे पायरी तयार होते आणि पुढचा रस्ता बंद होतो.

स्कॅन तयार कसा होतो

सीबीसीटीचं यंत्र ओपीजीच्या (सबंध जबड्याच्या एक्स-रेच्या) यंत्रासारखंच दिसतं. डोक्याभोवती एक दांडा फिरतो. त्याच्या एका टोकाला एक्स-रेची नळी आणि दुसऱ्या टोकाला सपाट सेन्सर. हॉस्पिटलातल्या सीटी स्कॅनमध्ये किरणांचा पातळ पंखा शरीर थराथराने कापत जातो. इथे किरणांचा शंकू असतो आणि एकाच फेरीत सगळा भाग टिपला जातो. यंत्राप्रमाणे फेरी अर्धी किंवा पूर्ण असते आणि तिला 10 ते 40 सेकंद लागतात. तेवढ्यात काहीशे चित्रं घेतली जातात. यातलं प्रत्येक चित्र सुटं पाहिलं तर साधा एक्स-रेच असतो. या सगळ्या सावल्यांवरून मूळ वस्तू उलटी उभी करणं हे संगणकाचं काम. त्यासाठीची सर्वात प्रसिद्ध गणिती पद्धत 1984 साली फेल्डकँप, डेव्हिस आणि क्रेस यांनी मांडली. हे तिघे फोर्ड मोटर कंपनीच्या संशोधन विभागात होते, दातांशी त्यांचा काही संबंध नव्हता. दातांसाठी हे तंत्र आलं ते नव्वदच्या दशकाच्या शेवटी: इटलीतल्या व्हेरोना इथल्या गटाचं 'न्यूटॉम' यंत्र 1998 मध्ये पुढे आलं, आणि साधारण त्याच काळात जपानमध्ये योशिनोरी अराई यांनी मोजक्या दातांपुरता लहान भाग टिपणारं यंत्र बनवलं. रूट कॅनालच्या कामाला दुसरी कल्पना जास्त मानवली.

तयार होणारं चित्र बारीक घनांचं असतं. एका घनाला व्हॉक्सेल म्हणतात. दातांच्या यंत्रांत व्हॉक्सेलची बाजू साधारण 0.075 ते 0.4 मिमी असते. 5 सेंमीचा घनाकृती भाग 0.1 मिमीच्या व्हॉक्सेलने टिपला, तर प्रत्येक दिशेला 500, म्हणजे एकूण साडेबारा कोटी व्हॉक्सेल झाले. प्रत्येकाला दोन बाइट धरले तर 250 एमबीची फाइल. सेंटरवरून आलेल्या छापील फिल्मवर किंवा व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या चार फोटोंत यातलं नगण्य उरतं.

स्कॅनच्या वेळी रुग्णाला फार काही करायचं नसतं, पण जे असतं ते नीट व्हावं लागतं. नथ, चमकी, कानातलं, केसांतल्या पिना, चष्मा, श्रवणयंत्र, काढता येणारी कवळी हे सगळं उतरवायचं. गळ्यातलं किरणांच्या वाटेत येत असेल तर तेही. दातांत चावण्याचा ठोकळा धरून वरचे-खालचे दात एकमेकांपासून सुटे ठेवले की समोरच्या दातावरच्या धातूच्या कॅपचा त्रास कमी होतो. डोळे मिटून घेतलेले बरे: उघडे असले की फिरणाऱ्या दांड्यामागे नजर जाते आणि नजरेमागे डोकं. गिळायचं नाही, बोलायचं नाही. डोकं अर्धा मिमी जरी हललं तरी मुळाची कड दुहेरी दिसते, आणि ज्या नलिकेची रुंदीच 0.2 मिमी आहे ती त्यात पुसून जाते.

चिठ्ठीवर काय लिहिलेलं असावं

सगळ्यात जास्त घोळ यंत्रात होत नाही, चिठ्ठीत होतो. 'सीबीसीटी अप्पर जॉ' एवढंच लिहून रुग्णाला पाठवलं की सेंटरवर बहुधा सबंध जबड्याचा स्कॅन निघतो, व्हॉक्सेल 0.25 किंवा 0.3 मिमीचा. इम्प्लांटसाठी हाडाची उंची मोजायला तो पुरतो. एमबी टू शोधायला नाही. एखादी नलिका चित्रात ओळखू यायची तर तिने निदान दोनेक व्हॉक्सेलची रुंदी व्यापली पाहिजे, 0.3 च्या व्हॉक्सेलमध्ये अर्ध्या मिमीहून अरुंद नलिका आजूबाजूच्या डेंटिनमध्ये मिसळून राखाडी होते. भाग मोठा, किरणं जास्त आणि तपशील कमी, असा तिहेरी तोटा.

रूट कॅनालसाठी चिठ्ठी अशी हवी: दात क्रमांक 26, भाग 4 × 4 किंवा 5 × 5 सेंमी, व्हॉक्सेल 0.1 मिमीच्या आसपास, 0.2 च्या वर नको. प्रश्न: गालाकडच्या पुढच्या मुळात न भरलेली नलिका आहे का, त्या मुळाच्या टोकाशी हाड झिजलंय का, सायनसचा (वरच्या दाढांवरच्या हवेच्या पोकळीचा) तळ शाबूत आहे का. जागतिक पद्धतीत 26 म्हणजे वरची डावी पहिली दाढ. प्रश्न लिहिला की रेडिओलॉजिस्टचा अहवालही त्याच प्रश्नाला धरून येतो. नाहीतर 'मुळाभोवती सौम्य काळसर भाग' अशी ओळ हाती पडते आणि तिचं करायचं काय ते कळत नाही.

वाचायचं कसं

स्कॅन उघडला की तीन खिडक्या दिसतात: आडवा छेद, पुढून-मागे जाणारा उभा छेद आणि गालाकडून टाळूकडे जाणारा उभा छेद. इथे घाई केली की चुकतं. यंत्राचे अक्ष डोक्याला धरून असतात, दाढेच्या मुळांना धरून नसतात. मूळ तिरपं असलं की आडवा छेदही त्याला तिरपाच कापतो आणि गोल नलिका लांबट दिसते. म्हणून आधी अक्ष फिरवून ज्या मुळाचा विचार आहे त्याच्या लांबीला समांतर करायचे. प्रत्येक मुळासाठी हे वेगळं करावं लागतं. मग आडव्या छेदात दाताच्या माथ्यापासून मुळाच्या टोकाकडे हळूहळू उतरत जायचं.

26 क्रमांकाच्या दाढेत हे असं दिसतं. सुरुवातीला पल्प चेंबर, म्हणजे दाताच्या माथ्यातली पल्पची पोकळी: पसरट काळा चौकोन. खाली उतरलं की त्याचा तळ लागतो आणि तीन मुळं सुटी होऊ लागतात. टाळूकडचं मूळ गोलसर, मध्यभागी गोल नलिका. गालाकडचं मागचं मूळ बारीक, तिथेही नलिका मध्यावर. गालाकडचं पुढचं मूळ मात्र चपटं, गालाकडून टाळूकडे लांबोडकं. आता त्यातली भरलेली पांढरी नलिका कुठे आहे ते पाहायचं. ती या लांबोडक्या आकाराच्या बरोबर मध्यावर असेल तर मुळात एकच नलिका असण्याची शक्यता बरी. ती गालाकडच्या टोकाला सरकलेली असेल, आणि टाळूकडचं अर्धं मूळ रिकामं असेल, तर तिथे दुसरी आहे असंच धरून चालायचं, मग तिथे काळा ठिपका स्पष्ट दिसो की न दिसो. एकटी नलिका मुळाच्या मध्यावरच असते. कडेला नसते. ही एक खूण कोणत्याही दाताला लागू पडते आणि धातूच्या झगमगाटातही बऱ्यापैकी टिकते.

नलिका सापडली की चार मापं घेऊन ठेवावीत: दाढेच्या उंचवट्यापासून चेंबरच्या तळापर्यंतची खोली; पहिल्या नलिकेच्या तोंडापासून दुसरी किती मिमीवर आणि कोणत्या दिशेला; ती तळाच्या पातळीवरच दिसते की दोन मिमी खाली उघडते; आणि मुळांच्या मधल्या बाजूला डेंटिनची भिंत किती जाड आहे. शेवटचं माप बहुतेक जण घेत नाहीत. भोक पडतं ते मात्र तिथेच.

खुर्चीवर या मापांचा उपयोग होतो तो असा. रबर डॅम (दात लाळेपासून वेगळा ठेवणारा रबरी पडदा) लावून, चेंबर 3 ते 5 टक्के सोडियम हायपोक्लोराइटने (जंतुनाशक द्रावणाने) धुऊन, कोरडा करून मायक्रोस्कोपखाली तळ पाहायचा. तळाचा रंग भिंतींपेक्षा गडद असतो आणि नलिकांची तोंडं तळ व भिंत जिथे मिळतात त्या रेषेवर असतात. पहिल्या नलिकेकडून टाळूकडच्या नलिकेकडे जाणाऱ्या रेषेच्या थोडं पुढच्या बाजूला अल्ट्रासॉनिकच्या बारीक टोकाने डेंटिनची कड खरवडायची. एका वेळी अर्धा मिमी, मग धूळ उडवायची, टोकदार एक्सप्लोररने चाचपायचं. टोक रुतून अडकलं की 8 किंवा 10 नंबरची फाइल. 10 नंबरच्या फाइलचं टोक 0.10 मिमी असतं, म्हणजे साधारण एक व्हॉक्सेल. एमबी टू सुरुवातीला पुढच्या बाजूला तिरकी जाते, म्हणून फाइलच्या टोकाला आधीच किंचित बाक द्यावा लागतो; सरळ फाइल दीड-दोन मिमीवर अडकते आणि 'नलिका बंद आहे' असा गैरसमज होतो. खरवडत किती खोल जायचं हे स्कॅनवरच्या मापाने ठरवायचं. दोन मिमी खाली गेल्यावरही काही लागलं नाही आणि स्कॅन सांगतोय की नलिका तिथे उघडते, तर दिशा चुकतेय. आणखी खोल जाण्याने भोक पडेल, नलिका सापडणार नाही.

अशा वेळी मधूनच स्कॅन काढणं हा चांगला मार्ग आहे, आणि तो फार कमी वापरला जातो. चेंबरमध्ये कापूस किंवा टेफ्लॉन टेप भरून वर तात्पुरती सीलिंग करायची, धातूची कॅप आणि चांदीचं भरण शक्यतो आधीच काढलेलं असावं. या स्कॅनमध्ये खणलेला खड्डा आणि खरी नलिका एकाच चित्रात दिसतात: आपण अर्धा मिमी जास्त मागे होतो, की नलिका तिथे नाहीच, हे समोर येतं.

बाकीचे आकार

खालच्या दुसऱ्या दाढेत कधी कधी मुळं एकमेकांना चिकटलेली असतात आणि आडव्या छेदात नलिका इंग्रजी सी अक्षरासारखी दिसते. चिनी आणि कोरियन लोकांत हे प्रमाण खूप मोठं आहे. भारतात कमी, पण विरळा नाही. या आकाराची खोडी अशी की तो वरून खालपर्यंत एकसारखा राहत नाही. वर सलग सी, मध्यावर तीन सुटे ठिपके, टोकाशी पुन्हा एक, असं होऊ शकतं. म्हणून निदान तीन पातळ्यांवरचे छेद पाहून ठेवायचे. सीची पाठ ज्या बाजूला असते त्याच्या उलट बाजूला मुळावर खोल खाच असते आणि तिथली भिंत एक मिमीहूनही पातळ असू शकते. फाइल तिकडे दाबून घासायची नाही, पोस्ट (कॅपच्या आधारासाठी मुळात बसवायची सळई) तर तिथे घालायचीच नाही. अरुंद फटीत फाइल पोचत नाही. तिथली सफाई हायपोक्लोराइट अल्ट्रासॉनिकने हलवूनच होते.

खालच्या पहिल्या दाढेला कधी जिभेकडे तिसरं मूळ असतं. ते आखूड आणि गालाकडे झपकन वळलेलं असतं, आणि फाइल तुटण्याची ही हमखास जागा. खालच्या पटाशीच्या दातांत दुसरी नलिका जिभेकडच्या उंचवट्याखाली लपते. तो उंचवटा काढला नाही तर ती कधीच दिसत नाही. उपदाढांत एक्स-रेवर लक्ष ठेवावं: ठळक दिसणारी नलिका मुळाच्या मध्यावर अचानक फिकी पडली तर ती तिथे दुभंगली आहे. खालच्या उपदाढेत हा फाटा इतक्या खोलवर असू शकतो की स्कॅनवर खोली मोजल्याशिवाय कामाला हात घालू नये.

बुजलेली नलिका आणि छापलेला गाइड

क्रिकेटचा चेंडू लागून किंवा गाडीवरून पडून पुढच्या दाताला मार बसला की काही वर्षांत त्याची नलिका आतून बुजत जाते. दात पिवळट होतो. नलिका माथ्याकडून टोकाकडे बुजते, त्यामुळे वरचा भाग घट्ट आणि टोकाजवळ थोडी पोकळी अशी स्थिती असते. नुसती नलिका बुजली म्हणून रूट कॅनाल करायचं नसतं. दुखणं, सूज किंवा मुळाशी संसर्गाची खूण असेल तरच दाताला हात लावावा.

लावायचा असेल तर आंधळेपणाने ड्रिल करत दहा-बारा मिमी खोल जाणं धोक्याचं आहे, कारण खालचे पटाशीचे दात तर बाजूने अगदीच पातळ असतात. यासाठी गेल्या दहाएक वर्षांत गाइडची पद्धत रुळली आहे. सीबीसीटी आणि दातांच्या पृष्ठभागाचा डिजिटल स्कॅन संगणकात एकमेकांवर बसवतात. दाताच्या कडेपासून उरलेल्या पोकळीपर्यंत एक सरळ मार्ग आखतात. त्या मार्गावर नळी असलेला गाइड थ्री-डी प्रिंटरवर छापतात, तो दातांवर बसवतात आणि साधारण एक मिमी जाडीचा बर (ड्रिलचं टोक) त्या नळीतून आत नेतात. दर दोन मिमीला बर बाहेर काढून भुसा धुवायचा, नाहीतर घर्षणाने मूळ तापतं आणि बाहेरच्या हाडाला इजा होते. मध्ये एकदा साधा एक्स-रे काढून दिशा तपासायची.

बिघडतं कुठे, तर बहुधा गाइड बसण्यात. दातांवर तो किंचितही डुलत असेल तर वरची पाव मिमीची चूक खाली मोठी होते. म्हणून गाइडला खिडक्या ठेवतात, ज्यांतून तो दाताला टेकलाय का हे डोळ्यांनी पाहता येतं. शेजारच्या दातांवर धातूच्या कॅपा असतील तर दोन स्कॅन एकमेकांवर नीट बसत नाहीत, आणि मग सुबक दिसणारा गाइड चुकीच्या जागी नेतो. मागच्या दाढांत गाइड आणि बर मिळून उंची इतकी होते की तोंड तेवढं उघडतच नाही. आणि बर सरळच जातो, त्यामुळे वळणाच्या पलीकडे या पद्धतीचा उपयोग नाही.

स्कॅन फसवतो तेव्हा

धातूमुळे स्कॅनमध्ये पांढऱ्या रेघा आणि काळे पट्टे उमटतात. कमी ऊर्जेची किरणं धातूत अडकतात, जास्त ऊर्जेची तेवढी पार होतात, आणि गणित सगळी किरणं सारखीच धरून चालतं. त्यातून हे पट्टे. कॅप, पोस्ट, चांदीचं भरण यांच्याइतकाच त्रास नलिकेत भरलेल्या गटापर्चाचाही (रबरासारख्या पदार्थाचाही) होतो. त्याच्या लगतचा काळा पट्टा राहून गेलेली नलिका वाटू शकतो किंवा मुळाला गेलेला तडा. खरी नलिका लागोपाठच्या छेदांत सलग खाली जाते आणि अक्ष फिरवले तरी जागेवर राहते. पट्टा एका छेदात दिसतो, दुसऱ्यात नसतो, आणि त्याची दिशा धातूपासून फुटलेल्या किरणासारखी असते.

तड्याबद्दल अपेक्षा कमीच ठेवावी. मुळाला उभा गेलेला तडा बहुधा व्हॉक्सेलहून अरुंद असतो. 'स्कॅनमध्ये तडा दिसला नाही' यावरून तडा नाही असं ठरत नाही. आणि आधी रूट कॅनाल झालेल्या दातात 'दिसला' यावरही लगेच विश्वास ठेवू नये. तिथे हाड कसं झिजलंय ते पाहायचं. तडा गेलेल्या मुळाच्या एका बाजूने हाड वरपासून खालपर्यंत अरुंद पट्टीत गेलेलं असतं, आणि हिरडीत मोजपट्टी घातली तर एकाच जागी ती अचानक आठ-दहा मिमी खोल जाते. ही दोन्ही लक्षणं जुळली, आणि एका बाजूने चावताना कळ येत असेल, तर दात काढायचा निर्णय घ्यायला आधार मिळतो. नुसत्या स्कॅनवर दाढ काढू नये.

नलिकेची लांबीही अंतिम म्हणून स्कॅनवरून घ्यायची नाही. अंदाज चांगला मिळतो, पण फाइल किती आत न्यायची हे अपेक्स लोकेटर (मुळाचं टोक विजेने ओळखणारं उपकरण) आणि फाइल ठेवून काढलेला एक्स-रे ठरवतात. पल्प जिवंत आहे की मेला हे स्कॅन सांगत नाही. त्यासाठी थंडाची चाचणी. सीबीसीटीत राखाडी छटेवरून हाडाची घनता मोजणंही भरवशाचं नाही, तो आकडा यंत्रागणिक आणि धातूगणिक बदलतो.

एक गोष्ट मात्र स्कॅनवर आवर्जून पाहावी: मुळाच्या टोकावर हाडाचं आवरण आहे का. वरच्या दाढांची टोकं सायनसच्या तळाला टेकलेली असतात. खालच्या दुसऱ्या दाढेच्या टोकांखालून जबड्याची नस जाते. मध्ये हाड नसेल तर हायपोक्लोराइट दाबाने बाहेर गेल्यावर काही क्षणांत असह्य वेदना, सूज आणि काळानिळा चेहरा. म्हणून बाजूला छिद्र असलेली बारीक सुई, नलिकेच्या टोकापासून दोन-तीन मिमी आधीच थांबवलेली, नलिकेत न अडकता हलती, आणि पिस्टनवर बोटाचा हलका दाब. एकाच बाजूचं सायनस महिनोन्‌महिने भरत असेल आणि नाक-घशाच्या डॉक्टरांना कारण सापडत नसेल, तर त्या बाजूच्या वरच्या दाढांकडे पाहायला हवं, हेही अशा स्कॅनमध्ये लक्षात येतं.

किरणं किती, आणि नको कधी

जगात माणसाला निसर्गातून वर्षाला सरासरी 2.4 मिलिसिव्हर्ट किरणोत्सर्ग मिळतो, म्हणजे दिवसाला साडेसहा मायक्रोसिव्हर्ट (हजार मायक्रोसिव्हर्टचा एक मिलिसिव्हर्ट). एका दाताचा डिजिटल एक्स-रे याहून कमी देतो. लहान भागाचा सीबीसीटी यंत्र आणि सेटिंगप्रमाणे साधारण वीस-तीस ते दीड-दोनशे मायक्रोसिव्हर्ट देतो, म्हणजे काही दिवस ते महिनाभराचा नैसर्गिक वाटा. डोक्याचा हॉस्पिटलातला सीटी दोन हजारांच्या घरात जातो. भीती वाटावी असं यात काही नाही, पण 'काढूनच ठेवू' म्हणण्याइतकं फुकटही नाही. मुलांच्या पेशी जास्त संवेदनशील असतात, तिथे हात आणखी आखडता घ्यायचा. गरोदरपणाची शक्यता असेल तर आधी सांगायचं. भारतात ही यंत्रं चालवायला अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो; सेंटरवर तो पाहायला मागण्यात गैर काही नाही.

अमेरिकेतल्या एंडोडॉन्टिस्टांच्या (रूट कॅनालच्या तज्ज्ञांच्या) आणि तोंडाच्या रेडिओलॉजिस्टांच्या संघटनांचं 2015 चं संयुक्त मत आहे की पहिली तपासणी साध्या एक्स-रेनेच करावी. जास्तीच्या नलिकांची शंका, बुजलेली नलिका, फसलेलं रूट कॅनाल, मुळाच्या टोकाची शस्त्रक्रिया, मार लागलेला दात किंवा आतून-बाहेरून झिजत चाललेलं मूळ असेल तेव्हा लहान भागाचा स्कॅन. सरळ मुळाच्या पुढच्या दाताचं पहिलंवहिलं रूट कॅनाल असेल तर स्कॅनची गरज नाही, आणि कुणी सरसकट मागत असेल तर 'यातून कोणता प्रश्न सुटणार आहे?' असं विचारावं. उत्तर एका वाक्यात मिळायला हवं.

स्कॅन काढलाच तर सेंटरकडून डायकॉम (वैद्यकीय चित्रांच्या प्रमाणित) स्वरूपातला पूर्ण डेटा पेनड्राइव्हवर मागून घ्या आणि जपून ठेवा. दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलात तर तोच चालतो, नवा काढावा लागत नाही. उपचारानंतर मात्र लगेच दुसरा स्कॅन नको. एका वर्षाने साधा एक्स-रे पुरतो. हाड भरत असेल पण पूर्ण भरलं नसेल तर चार वर्षांपर्यंत वाट पाहता येते. स्कॅनवर पोकळी एक्स-रेपेक्षा बहुधा मोठी दिसते, म्हणून आधीच्या एक्स-रेची तुलना नंतरच्या स्कॅनशी करून 'वाढलंय' असा निष्कर्ष काढायचा नाही. तुलना एक्स-रेची एक्स-रेशी, तीही त्याच कोनातल्या.